काजूएवढ्या हाडाचे चार महिने: नाशिकमधलं एक प्रकरण

रुग्णाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. द्राक्षाच्या फळछाटण्या उरकत आल्या होत्या आणि ओपीडीत पाठ-खांदे धरून येणाऱ्या मजुरांची रांग होती. त्यातच २६ वर्षांचा एक तरुण आत आला. पेठ तालुक्यातला, दसऱ्यापासून दिंडोरीच्या बाजूला टोळीबरोबर छाटणीला. सोबत टोळीचा मुकादम. बसल्या बसल्या त्याने पिशवीतून आपला सिकेटर (छाटणीची कात्री) काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, हा दाबला का इथून चमक निघते. अन् कात्री सुटूनच जाते हातातून."

मी सिकेटर हातात घेऊन पाहिला. मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, एकावर एक तीन-चार वेढे. बाकीच्यांच्या सिकेटरला असं नसतं. पकड ढिली पडली म्हणून त्याने मूठच जाड करून घेतली होती. "कधी गुंडाळली?" विचारलं, तर म्हणाला, "तिसऱ्याच दिवशी." म्हणजे छाटणी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवसापासून हा माणूस दुखऱ्या हाताने काड्या कापत होता.

दुखतं कुठे, असं विचारल्यावर त्याने एका बोटाने जागा दाखवली नाही. डाव्या हाताने उजव्या अंगठ्याचं मूळ सगळंच मुठीत धरलं. माझं लक्ष तिथेच गेलं. गेल्या कित्येक वर्षांत असं अंगठ्याचं मूळ मुठीत धरून दाखवणारे जे तरुण आले, त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं एकाच हाडात निघालं: मनगटातल्या स्कॅफॉइडमध्ये.

जुलैत, पावसात, पेठ रस्त्यावर सावळघाटाच्या उतारावर त्याची मोटारसायकल घसरली होती. वेग फार नव्हता. तोल जाताना उजवा हात पुढे टेकला, तळवा जमिनीला, मनगट मागे वाकलेलं, सगळं अंग त्या हातावर. त्याच संध्याकाळी एका दवाखान्यात एक्स-रे काढला. "फ्रॅक्चर नाही, मुरगळलंय," असं सांगून क्रेप बँडेज आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आठ-दहा दिवसांत सूज उतरली. घरी भाताची आवणी चालू होती, तीही त्याने केली, डाव्या हातावर जास्त भार घेऊन. ऑगस्टमध्ये दुखणं राहिलंच म्हणून गावाकडच्या हाडवैद्याकडे दोनदा जाऊन चोळून आला. चोळलं की दोन दिवस बरं वाटायचं. पुढे मनगट तसं दुखेनासंच झालं, कारण जोराचं काम नव्हतं. दसऱ्याला टोळी निघाली, हा निघाला, आणि सिकेटर दाबल्याबरोबर सगळं परत वर आलं.

पडल्यापासून माझ्याकडे येईपर्यंत १७ आठवडे गेले होते.

जुलैचा एक्स-रे त्याने जपून ठेवला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सात-बाऱ्याच्या उताऱ्याबरोबर. मी तो उजेडाला धरून नीट पाहिला, मग पुन्हा पाहिला. दोन फिल्म होत्या, एक समोरून आणि एक बाजूने. दोन्हींत मला तडा दिसला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून पहिल्या डॉक्टरांनी डोळेझाक केली असं कुणाला वाटेल. त्यांनी फिल्म चुकीची वाचली नव्हती. त्या दिवशी त्या फिल्ममध्ये काही नव्हतंच.

मनगट आणि त्यातली हाडं

मनगट म्हटलं की घड्याळाचा पट्टा बांधतो ती जागा डोळ्यांसमोर येते. हाडांच्या हिशेबाने तिथे अजून कोपराखालच्या दोन लांब हाडांची टोकंच असतात: अंगठ्याच्या बाजूचं रेडियस आणि करंगळीच्या बाजूचं अल्ना. खरं मनगट त्याच्यापुढे, तळहात जिथे सुरू होतो तिथल्या गुबगुबीत भागात दडलेलं असतं. आठ छोटी हाडं, चार-चारच्या दोन रांगांत. त्यापुढे तळहाताची पाच लांब हाडं, आणि त्यापुढे बोटांची चौदा: चार बोटांत तीन-तीन, अंगठ्यात दोनच. एका हातात अशी २७ हाडं. दोन्ही हातांची मिळून ५४, म्हणजे शरीरातल्या २०६ पैकी चौथा हिस्सा आणि वर थोडी.

पहिली रांग रेडियसला लागून. अंगठ्याकडून मोजत गेलं की स्कॅफॉइड, मग चंद्रकोरीसारखं ल्युनेट, मग तिकोनी ट्रायक्वेट्रम, आणि त्याच्यावर तळहाताच्या बाजूला बसलेलं वाटाण्याएवढं पिसिफॉर्म. हे शेवटचं तुम्हालाही सापडेल. मनगट सैल सोडून करंगळीच्या रेषेत तळहाताच्या सुरुवातीला चाचपा, एक गोटी हाताला लागते आणि थोडी हलतेही. दुसऱ्या रांगेत ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, मधोमध सगळ्यांत मोठं कॅपिटेट आणि हुकासारखा आकडा असलेलं हॅमेट.

ट्रॅपेझियमचा माथा घोड्याच्या खोगिरासारखा आहे. अंगठ्याचं हाड त्यावर स्वार होतं, म्हणून अंगठा सगळ्या बोटांसमोर येऊ शकतो, चिमूट धरता येते, सुईत दोरा ओवता येतो. त्याच्या उलट तर्जनी आणि मधल्या बोटाची तळहातातली हाडं ट्रॅपेझॉइड आणि कॅपिटेटमध्ये घट्ट रुतलेली असतात, जवळजवळ हलतच नाहीत. अनामिका आणि करंगळीची मात्र हॅमेटवर डोलतात. मूठ हलकी वळा आणि मग जोरात आवळा. करंगळीचा उंचवटा खाली बुडताना दिसेल. सिकेटरची मूठ आवळते ती याच दोन बोटांच्या बुडण्याने. हात म्हणजे मध्ये एक पक्का खांब आणि दोन्ही बाजूंना हलणारी पाखं, असं मी विद्यार्थ्यांना सांगते.

आता ते एक हाड, स्कॅफॉइड. नाव ग्रीक, अर्थ होडीसारखं. मला मात्र ते नेहमी काजूसारखं वाटतं. लांबी अडीच-तीन सेंटिमीटर, मध्ये थोडी कंबर, दोन्ही टोकं फुगीर. बसतं पहिल्या रांगेत, पण त्याचं पुढचं टोक दुसऱ्या रांगेच्या बाजूने पुढे गेलेलं असतं. दोन्ही रांगांना सांधणारं हे एकटंच हाड आहे. आणि पहिल्या रांगेचं एक वैशिष्ट्य असं की, पिसिफॉर्म सोडलं तर तिथल्या एकाही हाडाला थेट कुठला स्नायूबंध, म्हणजे स्नायूची दोरी, ओढत नाही. ती हाडं आजूबाजूच्या दाबाने सरकतात, हाडाला हाड बांधणाऱ्या बंधांनी जागेवर राहतात. स्कॅफॉइड त्यांना सांभाळणारी काठी आहे. काठी मध्ये मोडली की दोन्ही रांगा आपापल्या वाटेने जातात.

तळवा टेकून माणूस पडतो आणि मनगट ९०-९५ अंशांच्या पलीकडे मागे वळतं तेव्हा स्कॅफॉइडचा मागचा, कोपराकडचा अर्धा भाग रेडियसच्या कडेशी अडकून पडतो, पुढचा, बोटांकडचा अर्धा भाग तळहाताबरोबर वर ढकलला जातो. मोडायची जागा म्हणजे कंबर. मनगटातल्या आठ हाडांपैकी सगळ्यांत जास्त मोडणारं हाड हेच, आणि त्यातही बहुतेक वेळा कंबरेतच.

हेच पडणं लहान मुलाचं असेल तर स्कॅफॉइड सहसा वाचतं. जन्माच्या वेळी ही आठही हाडं कूर्चेचीच, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीचीच असतात. पहिल्या काही महिन्यांत कॅपिटेट आणि हॅमेटमध्ये हाड धरू लागतं, स्कॅफॉइडची पाळी चार ते सहाव्या वर्षी येते, पिसिफॉर्म तर आठ-दहा वर्षांपुढे. मुलाचं वय हाडांवरून ठरवताना मनगटाचा एक्स-रे काढतात तो याचसाठी. मुलं पडली की रेडियस वाकतं किंवा वाढीच्या थराजवळ मोडतं. साठीच्या आजी पडल्या की रेडियसचं ठिसूळ टोक मोडतं. त्या मोडीचं वर्णन डब्लिनच्या अब्राहम कॉलेस यांनी १८१४ साली केलं आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मधल्या वयात, पंधरा ते चाळिशीच्या घरात, रेडियस भक्कम असतं आणि सगळा मार स्कॅफॉइड खातं. कमावत्या हाताचं हे हाड, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते.

बोट कुठे ठेवायचं

त्याला मी दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगितले आणि अंगठे ताणून वर उचलायला लावले. अंगठा असा ताणला की मनगटाच्या बाजूला दोन स्नायूबंध दोऱ्यांसारखे उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये एक खळी पडते. पूर्वी लोक तपकिरीची चिमूट याच खळीत ठेवून ओढत, म्हणून शरीररचनेच्या पुस्तकांतही तिचं नाव तपकिरीवरूनच पडलं आहे. खळीच्या तळाशी स्कॅफॉइड आणि ट्रॅपेझियम असतात, आणि त्यांच्यावरून रेडियल धमनी जाते. बोट हलकं ठेवलं तर नाडी लागते, दाबलं तर हाड.

डावीकडे दाबलं, काही नाही. उजवीकडे दाबलं तर त्याने हात मागे घेतला. मग तळव्याच्या बाजूने, अंगठ्याच्या गुबगुबीत भागाच्या अगदी सुरुवातीला, जिथे स्कॅफॉइडचा उंचवटा लागतो, तिथे दाबलं. पुन्हा तसंच. अंगठा धरून त्याच्याच रेषेत मनगटाकडे ढकलला, तेव्हा खुर्चीतून थोडा उठलाच. मनगट मागे वाकवायला सांगितलं, तर डावं ७० अंशांपर्यंत गेलं, उजवं ४० ला थांबलं. पकडीचं मोजमाप डाव्या हाताचं ३८ किलो आलं, उजव्याचं १७.

मला या प्रकरणातून एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती इथे आहे. तरुण माणूस तळव्यावर पडलेला असेल आणि या खळीत दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काहीही म्हणो, ते स्कॅफॉइड मोडलेलं आहे असं धरून चालायचं, ते मोडलेलं नाही हे सिद्ध होईपर्यंत. खळीत दुखणाऱ्या सगळ्यांचंच हाड मोडलेलं नसतं, बऱ्याच जणांचं नसतंच. त्यांना दोन आठवडे प्लास्टर किंवा स्प्लिंटमध्ये राहावं लागतं, आणि तो त्रास मी मान्य करते. पण मोडलेलं सुटलं तर काय होतं, ते समोर टेबलावर ट्यूब गुंडाळलेल्या सिकेटरच्या रूपात पडलं होतं.

पहिल्या दिवशी तडा का दिसत नाही? हाड वेडंवाकडं सरकलेलं नसेल तर तडा केसाएवढा असतो. एक्स-रेचा किरण नेमका त्या फटीतून गेला तरच रेघ उमटते, आणि स्कॅफॉइड मनगटात तिरपं बसलेलं, समोरून पाहिलं तर आखूड दिसतं. म्हणून मनगट करंगळीकडे झुकवून वेगळी फिल्म काढतात, तेव्हा हाड लांब पसरून दिसतं. जुलैत ती फिल्म काढलेली नव्हती. तीही काढली तरी दहातले एक-दोन तडे पहिल्या दिवशी निसटतातच. दहा-चौदा दिवसांनी तड्याच्या कडा शरीर थोड्या विरघळवतं, फट रुंदावते आणि मग ती दिसू लागते. एमआरआय हे पहिल्या दोन दिवसांतही सांगू शकतो, पण तालुक्याच्या गावी तो कुठून आणायचा? "दोन आठवड्यांनी परत या, पुन्हा फोटो काढू" हे वाक्य सांगायला मात्र काही लागत नाही. माझ्या शिकाऊ वर्षांत मीसुद्धा एका मुलाला ते सांगितलं नव्हतं. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे सापडला.

एक्स-रेचा विषय निघालाच आहे तर: डिसेंबर १८९५ मध्ये रॉन्टगेन यांनी माणसाच्या शरीराचा जो पहिला प्रसिद्ध फोटो काढला तो हाताचाच होता, त्यांच्या पत्नीच्या. बोटांची हाडं, अंगठी सगळं स्पष्ट. हात इतका पातळ असूनही त्यातल्या एका हाडाचा तडा सव्वाशे वर्षांनंतरही या किरणांना चुकवतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आम्ही नवीन फिल्म काढल्या, चारही बाजूंनी. या वेळी शोधावं लागलं नाही. कंबरेत काळी रुंद फट, कडा गुळगुळीत, फटीच्या दोन्ही बाजूंना छोटे पोकळ ठिपके. हाड जुळलंच नव्हतं. बाजूच्या फिल्ममध्ये दोन तुकडे तळव्याच्या बाजूला किंचित दुमडलेले, पाठीला कुबड आल्यासारखे. ल्युनेट मागच्या तुकड्याबरोबर हाताच्या पाठीकडे कललं होतं. स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्यातला कोन ३० ते ६० अंशांमध्ये असायला हवा, त्याचा ७० च्या वर गेला होता. काठी मोडल्यावर रांगा आपापल्या वाटेने जातात, असं वर म्हटलं ते हेच.

ड्रिपची नळी

मुकादमाने विचारलं, "मॅडम, हाड तर सहा आठवड्यांत सांधतंच ना? माझा पाय सांधला होता. याचं चार महिने का नाही?"

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर रक्तवाहिन्यांत आहे. स्कॅफॉइडचा बहुतेक पृष्ठभाग, साधारण ८० टक्के, कूर्चेने झाकलेला असतो, कारण सगळीकडून दुसरी हाडं त्याला घासून जातात. कूर्चेतून रक्तवाहिनी आत शिरत नाही. उरलेल्या थोड्या जागेतून, हाडाच्या पाठीवरच्या एका कडेने, रेडियल धमनीच्या फांद्या आत जातात. ही कड कंबरेजवळ आणि पुढच्या, बोटांकडच्या बाजूला आहे. तिथून रक्त मागे, म्हणजे कोपराच्या दिशेला वाहतं. हाडाच्या ७० ते ८० टक्के भागाला, मागच्या टोकासकट, हाच एक पुरवठा. शरीरात रक्त साधारण धडाकडून बोटांकडे जातं, इथे ते उलटं फिरतं. कंबर मोडली की मागच्या तुकड्याचं पाणी तुटतं. शिवाय या हाडाभोवती मांसाचं आवरण नाही. मांडीचं हाड मोडलं की भोवती नव्या हाडाचा गोळा धरतो, इथे तसा धरत नाही. तुकडे सांध्याच्या पाण्यात भिजत राहतात.

मी टेबलावर एक रेघ काढली आणि म्हटलं, "ही तुमच्या बागेतली ड्रिपची नळी समजा. पाणी या टोकाने सोडलंय आणि नळी मधेच कापली. पलीकडच्या झाडांचं काय होईल?"

"वाळतील," मुकादम लगेच म्हणाला. मग थोडा थांबून त्याने त्या पोराकडे पाहिलं. "वाळली का ह्याची?"

तेच बघण्यासाठी एमआरआय केला. मागच्या तुकड्यातली मज्जा निम्मी फिकी पडली होती, पूर्ण मेलेली वाटत नव्हती. सांध्याची झीज अजून सुरू झालेली नव्हती, हे त्याचं नशीब. न जुळलेल्या स्कॅफॉइडला तसंच सोडलं तर पुढच्या काही वर्षांत झीज ठरलेल्या क्रमाने येते: आधी रेडियसचं टोक आणि स्कॅफॉइड यांच्यात, मग स्कॅफॉइड आणि कॅपिटेट यांच्यात, शेवटी कॅपिटेट आणि ल्युनेट यांच्यात. त्या टप्प्यावर हाड जुळवण्यात अर्थ उरत नाही, हाडं काढावी किंवा सांधा गोठवावा लागतो. २६ व्या वर्षी त्याला हे सांगायची वेळ माझ्यावर आली नाही.

नुसतं प्लास्टर का नाही, असं त्याने विचारलं. पडल्यावर लगेच, हाड सरकलेलं नसताना प्लास्टर घातलं असतं तर दहापैकी नऊ जणांचं जुळतं तसं त्याचंही बहुधा दोन-तीन महिन्यांत जुळलं असतं. आता कडा गुळगुळीत झाल्या होत्या, मध्ये तंतुमय चिवट ऊती भरली होती आणि हाड दुमडलं होतं. शस्त्रक्रियेशिवाय मार्ग नव्हता. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे माल काढायला पण नाही येणार." जानेवारीपासून द्राक्षाची तोडणी सुरू होते, टोळीची खरी कमाई तेव्हा. "नाही येणार," मी म्हटलं. विडी सोडायला सांगितली, तंबाखूच्या धुराने हाड जुळायला उशीर होतो म्हणून. त्यावर मुकादम म्हणाला, "ते मी बघतो," आणि शब्द पाळला.

रक्त मागून, आम्ही पुढून

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शस्त्रक्रिया केली. चीर तळव्याच्या बाजूने घेतली. कारण रचनेतच आहे: रक्तवाहिन्या हाडाच्या पाठीवरून शिरतात, म्हणून पाठीला हात लावायचा नाही. दुसरं, कुबड तळव्याच्या बाजूला दुमडल्यामुळे आलेलं, ते त्याच बाजूने उघडून सरळ करता येतं. रेडियल धमनीला बाजूला सारून, पुढचा एक पक्का बंध कापून (नंतर तो शिवला), आम्ही हाडापर्यंत गेलो. फटीत पांढरट चिवट ऊती होती, ती खरवडून काढली. दोन्ही टोकांचं कठीण झालेलं हाड बारीक कुरतडत नेलं, खालचं मऊ, जाळीदार हाड दिसेपर्यंत.

मग हातातलं रक्त अडवायला दंडावर बांधलेला पट्टा सैल केला आणि थांबलो. माझ्या मते संपूर्ण शस्त्रक्रियेतला सगळ्यांत महत्त्वाचा मिनिट हा. पुढच्या तुकड्यातून रक्त लगेच झिरपलं. मागच्या तुकड्याचा पृष्ठभाग पांढरा, कोरडा. मी पाण्याने धुतला, टिपला, पुन्हा पाहिलं. काही क्षणांनी एका कडेला टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका उमटला. मग शेजारी दुसरा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "जिवंत आहे." पूर्ण कोरडा निघाला असता तर रक्तवाहिनीसकट हाडाचा तुकडा आणून बसवावा लागला असता, ते काम लांबचं आणि अवघड.

त्याच्या शरीराच्या कमरेच्या हाडातून पाचरीसारखा तुकडा घेतला आणि फटीच्या तळव्याकडच्या बाजूला बसवला. पाचर बसली तसं कुबड उघडलं आणि ल्युनेट आपल्या जागेवर आलं, सी-आर्मच्या (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर ते सरळ होताना दिसलं. वरून २२ मिलिमीटरचा डोकं नसलेला स्क्रू घातला. ऑस्ट्रेलियाच्या टिमोथी हर्बर्ट यांचा या जातीचा स्क्रू १९८४ च्या सुमाराला सर्वांना माहीत झाला. दोन्ही टोकांच्या आट्यांचं अंतर वेगळं असल्यामुळे फिरवता फिरवता तो दोन तुकडे एकमेकांवर दाबतो, आणि डोकं नसल्यामुळे पूर्ण हाडात बुडतो. कूर्चेवर काही टोचत राहत नाही. जिथे चारही बाजूंनी हाडं घासतात तिथे हे फार उपयोगाचं.

आठ आठवडे प्लास्टर, पुढे काढता-घालता येणारा स्प्लिंट. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायला सांगितली. प्लास्टरमध्ये बोटं आखडली तर हाड जुळूनही हात कामाचा राहत नाही. तो दर भेटीला मूठ वळून दाखवायचा, करंगळीचा उंचवटा बुडतो का हे मी मुद्दाम बघायचे. चौदाव्या आठवड्यात, मार्चच्या सुरुवातीला सीटी स्कॅन केला. एक्स-रेवर जुळल्यासारखं दिसतं आणि जुळलेलं नसतं, असं या हाडात होतं, म्हणून सीटी. कंबरेच्या निम्म्याहून जास्त जाडीत हाडाचे पूल बांधले गेले होते. मागच्या तुकड्याची घनता बाकी हाडासारखीच होत चालली होती.

एप्रिलच्या खरड छाटणीला त्याला जाऊ दिलं, पण सिकेटर न घेता. काड्या गोळा करायच्या, तारा-बांधणीला हात लावायचा. मुकादमाने निम्मी मजुरी कापली नाही, पूर्ण दिली, हे त्याने मला सांगितलं. जूनपासून मऊ चेंडू, मग वजनं, मग सिकेटर, आधी अर्धा तास.

परवा, शस्त्रक्रियेला अकरा महिने होत आले तेव्हा, तो छाटणीच्या टोळीतून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन दाखवायला आला. खळीत दाबलं, दुखलं नाही. पकड उजवीकडे ३३ किलो, डावीकडे ३९. मनगट मागे वाकतं ५५ अंशांपर्यंत. राहिलेले १५ अंश बहुधा परत येणार नाहीत, आणि जमिनीवर हात टेकून उठताना त्याला ते जाणवतं, म्हणून तो आता मुठीवर उठतो. सिकेटर पिशवीत होताच. मी मागून घेतला. मुठीवरची ट्यूब काढलेली होती, तिच्या चिकटपणाचा काळा डाग तेवढा राहिला होता.